एका कोपऱ्यात चार घरं

"साहेब, मला त्याच्यापाशी नाई ऱ्हायचं. बस्स. कुठंबी टाका, पण त्याच्यापाशी नको."

दोनशे चौदा नंबरच्या खोलीच्या दारात महादू गादीची गुंडाळी काखेत मारून उभा होता. आत खालच्या बेडवर त्याचा चुलतभाऊ रामेश्वर मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता. हे सगळं आपल्याबद्दल चाललेलं नाही असं दाखवण्यात त्याची बरीच ताकद खर्च होत होती.

"झालं काय ते तरी सांग," कॅस्मिर डाबरे म्हणाले. त्यांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा एका जागी राहत नव्हता.

"मी इथं काय खाल्लं, ते गावात रंभीला मह्या आधी कळतं, साहेब. परवा शंकरपाळ्याचं पाकीट आणलं, तर हिचा फोन. म्हणे, शुगर वाढवून घेता का? आता मला सांगा, जिंतूरला बसून तिला मुसफ्फातलं पाकीट दिसतं का?"

"मी कशाला सांगू?" रामेश्वर मोबाईलमधूनच बोलला. "वहिनी इचारती, मी उत्तर देतो. मोठ्या माणसाला उलटं बोलू का?"

आखातातल्या मुसफ्फा नावाच्या औद्योगिक भागातल्या एका फॅब्रिकेशन कंपनीच्या कामगार-वसाहतीचे कॅस्मिर हे कॅम्प बॉस. हुद्दा ऐकायला भारदस्त. काम मात्र एवढंच, की कोणी कुठल्या बेडवर झोपायचं ते ठरवायचं. शहाण्णव खोल्या, खोलीत सहा बेड. हेड ऑफिसचा नियम असा, की वेल्डर वेल्डरांत, पेंटर पेंटरांत. कॅस्मिर त्याप्रमाणे दर महिन्याला चार्ट करत, सही करत आणि फाईलला लावत. आणि मग माणसं झोपवत स्वतःच्या हिशेबाने. भाऊ भावाजवळ, मेहुणा मेहुण्याजवळ, एका गावचे एका खोलीत. एकतीस वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. परक्यांमध्ये झोपलेला माणूस सहा महिन्यांत आजारी पडतो, किंवा राजीनामा देतो, किंवा देशी दारूचा पत्ता शोधून काढतो. आपल्या माणसांत झोपलेला नुसता भांडतो.

"तुला खाली रफिकच्या खोलीत टाकतो. सगळे बिहारचे आहेत. तुझी मराठी कोणाला कळणार नाही, मग चुगली कोण करेल?"

महादू चपापला. "इतक्या लांब नको, साहेब."

"मग?"

"ही एक भिंत मधी पाहिजे फक्त. मी हाक मारली तर ह्याला ऐकू गेली पाहिजे. पण मी कूस बदलली, ते कळायला नाई पाहिजे."

कॅस्मिर हसले. मापं घ्यायची म्हटली, तर इतकं नेमकं माप त्यांना आजवर कोणी दिलं नव्हतं. दोनशे पंधरामध्ये खिडकीकडचा वरचा बेड रिकामा होता. "खिडकीजवळ आहे. एसीचा वारा थेट अंगावर येत नाही. मस्त बेड आहे," ते ठरलेल्या सुरात म्हणाले. हे वाक्य त्यांनी हजारदा तरी म्हटलं असेल. महादू गेला. पाच मिनिटांनी रामेश्वर कोणाला न सांगता त्याच्या मागे गेला, कारण महादूची बीपीची गोळी ह्याच्या पेटीत होती.

रविवार होता. कॅस्मिर गाडीत बसले, पण लगेच निघाले नाहीत. हल्ली त्यांचं हे असंच चाललं होतं. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की कुठे जायचं ते आठवत नसे. तीन महिन्यांनी साठ पूर्ण होणार होती. साठ झाली की नोकरी खलास. नोकरी संपली की व्हिसा खलास, आणि व्हिसाबरोबर शाबियातला कंपनीचा फ्लॅटही. पाचशे शहात्तर माणसांच्या झोपेची सोय ज्यांच्या डोक्यात तोंडपाठ होती, त्यांना स्वतःची सोय एका बाबतीत ठाऊक नव्हती: एक जुलैला झोपायचं कुठे?

त्याच प्रश्नासाठी आज धाकटा भाऊ लॉयड बर दुबईहून बायको-मुलासह जेवायला येणार होता.

ते पोचले तेव्हा त्यांच्या बायकोचे, हिल्डाचे, फुगे म्हणजे वसईकडचे तळलेले गोल पाव करून झाले होते आणि बॉटल मसाल्याच्या मटणाचा वास थेट लिफ्टपर्यंत आला होता. हॉलमधल्या त्या प्रसिद्ध सोफ्यावर सुट्टीवर आलेला पुतण्या डीन पाय पसरून बसला होता. सोफा प्रसिद्ध अशासाठी, की त्यावर आजवर वसईची सतरा माणसं झोपून आपापल्या पायावर उभी राहिली होती. लॉयड त्यावर तीन वर्षं झोपला, मग हॉटेलात फ्रंट ऑफिसला चिकटला. त्याची बायको बेव्हर्ली लग्नानंतर, आणि बेव्हर्लीची बहीण चार महिने. सगळ्यांचे व्हिसे, सगळ्यांच्या नोकऱ्या कॅस्मिरनी लावल्या होत्या. सोफ्याचे स्प्रिंग मात्र कोणीच बदलून दिले नव्हते.

"अंकल, लुक ॲट धिस," डीन म्हणाला. तो दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेला होता. सस्कॅचवनमधल्या एका लहान गावाच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये होता. कॅस्मिर आणि हिल्डाची मुलगी मरिसा त्याच हॉस्पिटलात नर्स होती. तिला आणि तिच्या नवऱ्याला तिथे नेणारा डीनच. गाव कसलं, आजूबाजूला नजर पोचेल तिथवर गव्हाची शेतं, आणि मधे एक रस्ता. तिथल्या लायब्ररीतल्या पुस्तकाच्या झेरॉक्स तो घेऊन आला होता. गावातल्या बायकांनी मिळून आपल्या जुन्या घराण्यांचा इतिहास लिहिला होता, त्यातली काही पानं.

"आधी जेवा," हिल्डा म्हणाली. "इतिहास गार होत नाही."

पण कॅस्मिरनी ताट घेतलं आणि कागदही घेतला.

नॉर्वेहून आलेल्या पाच भावांची गोष्ट होती. सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारने ती सगळी माळरानं फूटपट्टीने आखली होती. मैलभर लांब, मैलभर रुंद असे चौकोन, प्रत्येकाचे चार तुकडे. दहा डॉलर भरले की एकशेसाठ एकरांचा एक तुकडा एका माणसाला.

"फुकटच की!" बेव्हर्ली म्हणाली. "दहा डॉलर म्हणजे सत्तावीस दिरहम. सहा-सातशे रुपये."

"कंडिशन्स होत्या ना, मॉम. घर बांधायचं, जमीन नांगरायची, आणि तीन वर्षं, दरवर्षी सहा महिने त्याच जमिनीवर झोपायचं. तर जमीन तुमची."

"झोपायचं?" कॅस्मिरचा घास हातातच राहिला. "असं लिहिलंय?"

"यस. दे हॅड टु स्लीप देअर. तर ह्या भावांनी काय केलं, सगळ्यांनी एकाच चौकोनातले चार तुकडे घेतले आणि चारी तुकडे जिथे एकमेकांना टेकतात, त्या मधल्या कोपऱ्यावर घरं बांधली. एकशेसाठ एकर प्रत्येकाचे, पण घरं हाकेच्या अंतरावर. विहीर एक, बैलांचा गोठा एक. पहिल्या वर्षी लाकूड पुरलं नाही, म्हणून दोन भावांनी हद्दीवर मधोमध एकच घर बांधलं. एकाचा पलंग ह्या बाजूला, दुसऱ्याचा त्या. सरकारचा माणूस टेप घेऊन आला, पलंग मोजून गेला."

"पास केलं?"

"पास केलं."

कॅस्मिर इतके खूश झाले, की त्यांनी मांडीवर थाप मारली आणि रस्सा शर्टावर उडाला. हा माणूस त्यांना कळला होता. तो टेपवाला आणि ते पलंगवालेही. "बघ, लॉयड! आपल्याकडे एका सातबारावर दहा नावं असतात आणि चुली दहा. ह्यांच्याकडे जमिनी चार आणि चूल एक. हुशार लोक."

"सहा महिने आपल्यालाही कळतात," हिल्डा म्हणाली. "सहा महिने बाहेर राहिलं तर इथला व्हिसा जातो. सरकारं सगळीकडची सारखीच. माणूस झोपतो कुठे तेवढंच बघतात."

"तू म्हणालास पाच भाऊ," कॅस्मिरनी डीनला विचारलं. "तुकडे तर चार."

डीनने पान उलटलं. "एल्डेस्ट वन. तो मागून आला. बाकीच्यांच्या बोटीच्या तिकिटांसाठी तो रेल्वेवर काम करत राहिला ना. तो आला तेव्हा जवळचं सगळं गेलं होतं. त्याला अकरा मैलांवर मिळाली जमीन. त्याच्याबद्दल एकच लाईन आहे. 'रविवारी तो चालत येत असे.'"

खाली फोटो होता. चार घरं, पुढे बायका-मुलं, एक कुत्रं. कॅस्मिरनी चष्मा वर सरकवून पाहिलं. "ह्यात तो कुठला?"

"फोटोत नाहीये तो."

"हं," कॅस्मिर म्हणाले, आणि बोट त्या एका ओळीवरून उचललं नाही.

लॉयडने घसा साफ केला. हॉटेलात खोली शिल्लक नाही हे सांगण्याआधी तो असाच घसा साफ करत असणार. "दादा, मुद्द्याचं बोलू? डीनच्या गावाची वस्ती कमी होत चालली आहे. म्हणून गावाने प्लॉट काढलेत. जवळजवळ फुकट. अट अशी, की दीड वर्षात घर बांधायचं आणि तिथे राहायचं. आपल्याला चार लागून मिळतायत. एका कोपऱ्यावर. ह्या पुस्तकात आहे ना, अगदी तसे. प्लॉटचे पैसे नाहीत. घरांचे आहेत. तर वाडी विकायची."

वाडी म्हणजे वसईची. बावीस गुंठे, विहीर, केळी, दोन चिकू. सातबारावर नावं दोन: कॅस्मिर आणि लॉयड. पुढच्या रस्त्यावर एका बिल्डरचा डोळा होता. मोठ्या भावाची सही मिळाली, की लॉयड पुढच्याच आठवड्यात वसईला जाणार होता. आज सगळे जेवायला आले होते ते ह्या सहीसाठी. फुगे निमित्ताचे.

"पेन्सिल दे," कॅस्मिर म्हणाले.

डीनने नकाशा पसरला. कॅस्मिरनी चार चौकोन काढले आणि सवयीने बेड लावायला घेतले. हा त्यांचा प्रांत. "हा डीनचा. इथे लॉयड, बेव्हर्ली. लॉयड घोरतो, त्याची खिडकी डीनच्या बाजूला नको. हा मरिसाचा, पोर झालं की हिल्डाला हाक मारता आली पाहिजे. आणि हा चौथा." पेन्सिल थांबली.



"तो रोझलिनला," बेव्हर्ली म्हणाली. रोझलिन म्हणजे तिची बहीण. "तिची आणि तिच्या मिस्टरांची कॅनडाची फाईल आमच्याबरोबरच पास झाली ना, दादा. राहायला माणूस पाहिजे, तशी अट आहे. तुमचं साठचं वय. तुम्हाला ते परमनंट व्हिसा देत नाहीत, व्हिजिटर म्हणून येता येईल. मरिसाच्या घरी बेसमेंट करतायत. पूर्ण फिनिश केलेलं. वेगळं बाथरूम. खिडकी आहे छोटी. हीटरची हवा थेट अंगावर येत नाही."

सूर ओळखीचा होता. इतका ओळखीचा, की कॅस्मिरना वळून कोण बोललं ते बघावंसं वाटलं.

"मस्त आहे," ते म्हणाले. मग उठले. "दही आणतो."

"दही आहे फ्रिजमध्ये," हिल्डा म्हणाली. पण दार वाजलं होतं.

खाली उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. कॅस्मिरनी बिल्डिंगला एक फेरी मारली, मग दुसरी. खैरुद्दीनच्या किराणा दुकानासमोरून ते तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो बाहेर आला. "क्या ढूँढ रहे हो, कॅस्मिरभाई?" "कुछ नहीं. चल रहा हूँ." "इस धूप में? यल्ला, अंदर आओ, पानी पियो." ते आत गेले, पाणी प्यायले, पुन्हा बाहेर आले.

रागवावं असं कोणी केलं काय होतं? नियम नियमाच्या जागी होता. बेव्हर्ली खोटं बोलत नव्हती. मरिसाने बेसमेंटचा आराखडा पाठवला होता, भिंतीचा रंगही त्यांना विचारून ठरवला होता. फक्त चौथा तुकडा कोणाचा, हे त्यांना विचारलं नव्हतं. आणि वाडी विकली, की जगाच्या पाठीवर असा एकही कोपरा राहणार नव्हता जिथे ते कोणाचे पाहुणे नसतील. इथे कंपनीचे, तिथे मुलीचे. ह्या हिशेबात दुसऱ्या बाजूलाही एक रक्कम होती, ती त्यांना खोडता येत नव्हती. त्यांनी सही दिली नाही, तर चार घरं होत नव्हती. आयुष्यभर माणसं एकमेकांजवळ झोपवली, आणि आता स्वतःच्याच माणसांचे पलंग उधळायचे? भाऊ भावाजवळ, हा नियम त्यांनी स्वतःच केलेला. त्यात कॅम्प बॉसचा बेड कधीच नव्हता.

महादूने सकाळी मागितली तशी एक भिंत त्यांना हवी होती. आपली, दुसऱ्या कोणाची नाही.

ते वर आले तेव्हा ताटं उचललेली होती. लॉयड गॅलरीत फोनवर बिल्डरशी बोलत असावा, कारण दादाला बघून त्याने आवाज खाली आणला.

"फोन ठेव, लॉयड. बस. वाटणी करू."

"कसली?"

"वाडीची. तुझी तुझ्या नावावर, माझी माझ्या. त्या नॉर्वेवाल्यांसारखी. तुझं तू वीक."

"दादा, आपल्या घरात आजवर वाटणी झालेली नाही!" लॉयड खरोखरच घाबरला. "डॅडी असते तर..."

"डॅडी असते तर त्यांनाही बेसमेंट मिळालं असतं."

हे लागलं. बेव्हर्लीने मान वळवली. डीन, ज्याचं मराठी जेवणापुरतं होतं, तोही हे समजला. हिल्डा मात्र खुर्ची ओढून नवऱ्याच्या शेजारी बसली. "मी मरिसाकडे जाणार," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे. मला दोन्ही पाहिजे. ह्याला काय पाहिजे ते त्याला विचारा, मला नको."

कॅस्मिरनी नकाशा उलटला. मागच्या कोऱ्या बाजूवर वाडीची आकृती काढली. पुढे रस्ता, मधे केळी, मागे विहीर. वसईची त्यांच्याकडची रीत अशी, की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने पहिला उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करत नाही. त्यांनी बराच वेळ पेन्सिल धरली आणि मग रस्त्याला समांतर एक आडवी रेघ मारली. अकरा गुंठे पुढे, अकरा मागे.

"उचल."

लॉयड कागदाकडे बघत राहिला. जमीन निम्मी-निम्मी झाली होती, किंमत झाली नव्हती. पुढच्या अकरा गुंठ्यांत बिल्डरचा सगळा रस्ता होता, आणि सगळी रक्कमही जवळपास तीच. मागच्या अकराला विहिरीशिवाय काही नव्हतं. हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. एवढी सोपी निवड धाकट्यासमोर ठेवणं, ही लबाडीच होती म्हटलं तर.

"दादा, उभी रेघ मार ना. दोघांना रस्ता येईल."

"उभी मारली तर बिल्डरला पुरत नाही. तूच मागे सांगितलंस. उचल लवकर, मला कॅम्पवर जायचंय."

कॅम्पवर त्यांना जायचं नव्हतं. लॉयडचं बोट कागदावर हललं, मागच्या तुकड्यापर्यंत गेलं, विहिरीच्या गोलावर जरा थांबलं. लहानपणी दोघं भाऊ तिथे एकाच बादलीने अंघोळ करत. मग ते बोट रस्त्याकडे आलं आणि तिथेच राहिलं. त्याने वर पाहिलं नाही.

"खलास," कॅस्मिर म्हणाले. "उद्याच कागद करून टाकू. दोन सह्या दोन ठिकाणी."

"बट अंकल," डीन कागदावर वाकला, "हाऊ विल यू गेट इन? तुमच्याकडे रोडच नाही."

"वाट ठेवायची. बाजूने. बिल्डरला सांग, लॉयड, कागदात घाल म्हणावं."

"गाडी जाईल एवढी तो देणार नाही, दादा."

"गाडी कशाला? सहा फूट." कॅस्मिरनी रस्त्यापासून विहिरीपर्यंत कडेकडेने दोन रेघा मारल्या. "माझी पेटी घेऊन चार जण खांदा देत जातील एवढी. त्याला सहा लागतात. मी मोजलंय, डॅडींच्या वेळी."

"कोण चार?" हिल्डाने विचारलं.

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि कॅस्मिर, ज्यांनी आयुष्यात कुठलाही आकडा अर्धवट सोडला नव्हता, मोजायला लागले. लॉयड. अंगठा करंगळीवर टेकला. डीन. मरिसाचा नवरा. अंगठा तिसऱ्या बोटावर गेला, आणि तिथून रोझलिनच्या नवऱ्याकडे. चौघे भरले. चौघांची घरं तिकडे कॅनडात एका कोपऱ्यावर होणार होती, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर.

लॉयडने घसा साफ केला.

कॅस्मिरनी डीनकडून रबर मागून घेतलं. आतली रेघ पुसली, नीट, कागद फाटणार नाही अशी, आणि बाहेरच्या रेघेजवळ सरकवून पुन्हा मारली.

"तीन पुरे," ते म्हणाले. "माणूस चालतो तीन फुटांत."

हिल्डाने कागदावरचा रबराचा चुरा तळहाताने गोळा केला. तो कुठे टाकायचा ते तिला सुचेना, म्हणून मूठ मिटून ती तशीच बसून राहिली.